लाभाची मर्यादा

‘मर्यादा’ ह्या शब्दास आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. शेताची मर्यादा म्हणजे त्याचा बांध; वडिलांची मर्यादा म्हणजे त्यांच्यासमोर राखावयाची अदब. समुद्र आपली मर्यादा सोडीत नाही असे आपण म्हणतो, तेव्हा किनाऱ्याची रेघ आणि समुद्राचे शील ही दोन्ही आपल्या मनात एकदम असतात. प्रभू रामचंद्रास आपण मर्यादापुरुषोत्तम म्हणतो, त्यातही हाच दुहेरी भाव आहे. ह्याचा परिणाम असा होतो की, अमुक ठिकाणी मर्यादा आहे एवढे कानी पडले म्हणजे तेथे शीलही असलेच पाहिजे असे मानावयास मराठी मन सहज प्रवृत्त होते. ही प्रवृत्ती नेहमीच रास्त असते काय, आणि नसल्यास खरी मर्यादा कोणती व तिचे नुसते सोंग कोणते हे कसे ओळखावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विषय तत्त्वविवेचनाचा दिसतो खरा. परंतु तो आमच्यापुढे ग्रंथातून आलेला नाही. तो एका ओसरीवर आला.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत वाशीम जिल्ह्यातील एका खेड्यात आम्ही आमच्या थोरल्या मामेभावाकडे गेलो होतो. सोयाबीन नुकतेच बाजार समितीत जाऊन आले होते. वर्षातून जे चार दिवस कुणब्याच्या घरी रोख पैसा दिसतो, ते हे दिवस. घरचे जावईबापू तालुक्याच्या गावाहून दिवाळसणास आले होते. जेवणे झाल्यावर त्यांनी एक कोरा कागद मागविला, त्याच्या माथ्यावर एक वर्तुळ काढले, त्याखाली दोन, त्या दोहोंखाली चार, आणि अशा रीतीने कागद भरेपर्यंत वर्तुळे काढीत गेले. एका कंपनीच्या मालाची ती ‘योजना’ होती. पाच हजार रुपये भरून माल घ्यावयाचा आणि सभासद व्हावयाचे. मग आपल्या डाव्या अंगास एक व उजव्या अंगास एक असे दोन सभासद जोडावयाचे. त्यांनी आणखी दोन दोन जोडावयाचे. डावीकडील एक आणि उजवीकडील एक मिळून एक जोडी झाली की आपल्या खात्यावर पाचशे रुपये बोनस. जोडी आपण स्वतः जोडलेल्यांची असो की त्यांच्याही खाली दहाव्या पायरीवरच्या अपरिचितांची असो, बोनस सारखाच.

आमच्या भावास शंका आली. इतका पैसा कोणी कोणास फुकट कशाला देईल, असे त्याने विचारले. त्यावर जावईबापूंनी जे उत्तर दिले, त्यामुळे हा लेख लिहावा लागला. ते म्हणाले, “मामंजी, हे काही लुटारूंचे काम नव्हे. येथे कॅपिंग आहे. एका दिवसात दहा जोड्यांपलीकडे कोणासच बोनस मिळत नाही, मग तो केवढाही मोठा असो. जेथे मर्यादा घातलेली आहे, तेथे बेइमानी कशी असेल?” भावाने आमच्याकडे पाहिले आणि म्हटले, “तुले त हिशेब समजते भाऊ. सांग, भरू का पैसे?”

आम्ही त्या वेळी काय उत्तर दिले ते पुढे सांगू. प्रथम तो हिशेबच पाहू. कारण ह्या प्रश्नातील नीती त्याच्या हिशेबातच दडलेली आहे, आणि गणिताची पायरी चुकवून नीतीवर प्रवचन करणे म्हणजे विहिरीची खोली न पाहता तीत उतरण्यासारखे आहे.

वर सांगितलेले झाड अगदी सरळ, कोठेही न खुरटता वाढले असे मानू. पहिल्या पायरीवर एक माणूस, दुसरीवर दोन, तिसरीवर चार. दहा पायऱ्या भरल्या म्हणजे एकंदर सभासद १,०२३ होतात, आणि त्या सर्वांच्या मिळून जोड्या होतात ४,०९७. म्हणजे सभासदामागे सरासरी चार जोड्या. पाचशेच्या दराने दोन हजार रुपये. प्रत्येकाकडून घेतलेल्या पाच हजारांपैकी दोन हजार बोनसात गेले, तीन हजार मालासाठी, कचेरीसाठी व मालकासाठी उरले. येथवर ठीक दिसते. पंधरा पायऱ्या भरल्या म्हणजे सभासद ३२,७६७ आणि जोड्या २,१२,९९३. सभासदामागे साडेसहा जोड्या, म्हणजे ३,२५० रुपये. वीस पायऱ्या भरल्या म्हणजे सभासद १०,४८,५७५ आणि जोड्या ९४,३७,१८५. सभासदामागे नऊ जोड्या, म्हणजे ४,५०० रुपये. आणि बावीस पायऱ्या भरल्या म्हणजे ४१,९४,३०३ सभासदांमागे सरासरी दहा जोड्या पडून, आलेला सगळाच्या सगळा पाच हजार रुपया बोनसात निघून जातो. मालाची किंमत द्यावयास दमडीही उरत नाही. सभासद वाढल्याने योजना बळकट होत नाही. उलट प्रत्येक दोन पायऱ्यांगणिक सभासदामागे एक जोडी नव्याने देणे लागते. ज्या धंद्यात विक्री वाढली की दर नगामागचे देणेही वाढत जाते, तो धंदा स्वतःच्या यशानेच मरावयाचा, हे सांगावयास अर्थशास्त्राच्या पंडिताची गरज नाही.

कॅपिंगचा जन्म येथे आहे. वचन अमर्याद दिले गेले आहे आणि तिजोरीला तर तळ आहे. ह्या दोहोंमधील विसंगती झाकावयास कोठे तरी कात्री लावणे भाग असते. ती कात्री निरनिराळ्या योजनांत निरनिराळ्या प्रकारे लावितात. कोठे दिवसाच्या किंवा आठवड्याच्या जोड्यांना मर्यादा असते. कोठे एकंदर बोनस हा एकंदर विक्रीच्या ठराविक हिश्शावर गेला की सर्वांचेच बोनस त्या प्रमाणात खाली ओढतात. कोठे अमुक पायऱ्यांखालील विक्रीवर काही मिळत नाही. कोठे एकाच फांदीतून आलेली विक्री पदोन्नतीसाठी अमुक हिश्शापलीकडे धरीत नाहीत, यासाठी की एका कर्तबगार माणसाच्या जिवावर वरचा माणूस बसून खाऊ नये. ह्या शेवटच्या मर्यादेत काही न्याय आहे हे आम्ही कबूल करतो.

मर्यादेपलीकडे गेलेल्या जोड्यांचे काय होते, हा प्रश्न जावईबापूंच्या कागदावर कोठेच नव्हता. त्याची दोन उत्तरे असतात. एक, त्या जोड्या दुसऱ्या दिवशीच्या खाती ओढावयाच्या. दोन, त्या पुसून टाकावयाच्या. दिवसास दहा ह्या दराने वीस पायऱ्यांच्या झाडाच्या शेंड्यावरील माणसास आपल्या ५,२४,२८७ जोड्यांचा बोनस घ्यावयास १४३ वर्षे लागतील. म्हणून बहुधा पुसण्याचाच मार्ग पत्करितात. ‘फ्लश’ असा त्याला त्या धंद्यात शब्द आहे. पुसलेल्या जोड्यांचे पैसे मात्र पुसले जात नाहीत. ते कोणी तरी भरलेले असतात, आणि ते कंपनीजवळ राहतात.

आता वीस पायऱ्यांचे झाड म्हणजे केवढे ते वाचकांनी डोळ्यांपुढे आणावे. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या शिरगणतीत त्याची लोकसंख्या ११,९७,१६० होती. म्हणजे वाकाटकांच्या काळी वत्सगुल्म नावाने राजधानी असलेल्या ह्या प्रदेशातील पाळण्यातल्या मुलापासून काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्यापर्यंत जवळजवळ प्रत्येकाने पाच हजार रुपये भरले, तर वीस पायऱ्या पुऱ्या होतात. एकविसावी भरावयास दुसरा जिल्हा पाहिजे. आणि त्या भरलेल्या झाडात कोणाची स्थिती काय? शेवटच्या पायरीवर ५,२४,२८८ माणसे, म्हणजे निम्म्याहून अधिक. त्यांस एकही जोडी नाही. त्यांच्या वरच्या पायरीस एक जोडी, म्हणजे पाचशे रुपये. तिच्या वरच्यास तीन जोड्या, म्हणजे दीड हजार. तिच्याही वरच्यास सात, म्हणजे साडेतीन हजार. येथवर सोळांपैकी पंधरा माणसे संपली, आणि त्यांपैकी कोणासही आपले पाच हजार बोनसातून परत मिळालेले नाहीत. सोळावा मात्र नफ्यात आहे.

प्रत्यक्षात झाड इतके सरळ वाढत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु ते कसेही वाढो, एक गोष्ट ढळत नाही: जोडी मिळावयास खाली दोन फांद्या असाव्या लागतात, आणि दोन फांद्या असलेल्या माणसांची संख्या शेंड्यांच्या संख्येहून नेहमीच एकाने कमी भरते. म्हणून निम्म्याहून अधिक सभासद एकाही जोडीवाचून राहणे हे कोणाच्या आळसाचे फळ नसून त्या आकृतीचाच धर्म आहे. ‘जो झटेल त्याला मिळेल’ हे वाक्य एकेका माणसाविषयी खरे असू शकेल. पण सर्वांविषयी ते एकदम खरे असूच शकत नाही. शर्यतीत जो अधिक धावेल तो पहिला येईल, हे खरे. सगळे अधिक धावले तर सगळे पहिले येतील, असे मात्र कोणी म्हणत नाही.

आता कॅपिंगकडे पुन्हा वळू. दिवसास दहा जोड्यांची मर्यादा त्या पंधरा माणसांस काय उपयोगी पडली? काहीच नाही, कारण त्यांच्या जन्मात सातांहून अधिक जोड्या नव्हत्याच. जी मर्यादा त्यांना कधी शिवणारच नाही, तिच्या नावाने त्यांना विश्वास द्यावयाचा, हा ह्या योजनेतील खरा खेळ होय. मर्यादा शेंड्यावरच्या थोड्यांचा वाटा छाटते हे खरे. पण छाटलेली फांदी झाडाच्या मुळाशी पडून तेथे खत होत नाही, ती कोठाराकडे जाते. आणि शेंड्यावरच्यासही ती फारशी नडत नाही. तो बायकोच्या नावाने दुसरे खाते उघडतो, मुलाच्या नावाने तिसरे. कित्येक योजनांत तर अधिक रकमेचा माल घेतला म्हणजे मर्यादाच वाढवून मिळते: पाच हजारांस दहा जोड्या, पंचवीस हजारांस पन्नास. जी मर्यादा पैसे भरून विकत घेता येते, तिला बांध म्हणावे की जकातनाका, हे वाचकांनीच ठरवावे.

कोणी म्हणेल की, हा सगळा विचार एकांगी आहे. मालाची थेट विक्री हा काही गुन्हा नव्हे. घरोघर जाऊन साबण, भांडी वा औषधी विकणारा माणूस दुकानदाराइतकाच प्रामाणिक असू शकतो. आणि विक्रेता तयार करणाऱ्यास त्या विक्रीचा अल्प हिस्सा मिळाला तर त्यात वावगे काय? हा आक्षेप खरा आहे आणि तो आम्ही मनापासून मान्य करतो. पाच हजारांचा माल खरोखरच पाच हजारांच्या योग्यतेचा असेल, आणि योजनेत मुळीच न शिरणारा शेजारीही तो त्या किमतीस आनंदाने घेत असेल, तर वरील पंधरा माणसांचे काही बुडाले नाही. त्यांनी खरेदी केली, एवढेच. म्हणून ह्या प्रश्नाची कसोटी बोनस असण्यानसण्यात नाही. बोनसाचा पैसा वापरणाऱ्या ग्राहकाच्या खिशातून येतो की पुढच्या सभासदाच्या आशेतून येतो, हे पाहिले पाहिजे. कायद्यानेही हीच वाट धरलेली आहे. बक्षीस-चिठ्ठ्या व पैशाच्या अभिसरणाच्या योजनांस बंदी करणारा कायदा आपल्या देशात १९७८ साली झाला. पुढे ग्राहक संरक्षण कायद्याखाली २०२१ च्या डिसेंबरात थेट विक्रीचे नियम निघाले, आणि त्यांनी थेट विक्रीच्या बुरख्याखाली पिरॅमिड योजना चालविण्यास मनाई करून, देखरेखीची व्यवस्था उभारावयाचे काम राज्य सरकारांवर सोपविले. अमेरिकेत २०१६ साली फेडरल ट्रेड कमिशन आणि हर्बालाइफ ही कंपनी ह्यांच्यात जी तडजोड झाली, तीत वीस कोटी डॉलर भरण्याखेरीज अशी अट पडली की, वितरकांस द्यावयाच्या मोबदल्यापैकी निदान दोन तृतीयांश मोबदला खऱ्या, नोंदलेल्या ग्राहकविक्रीवर आधारलेला असला पाहिजे. वितरकांच्या स्वतःच्या खरेदीवर एक तृतीयांशापलीकडे देता येणार नाही. हीही बोनसाची मर्यादाच आहे. परंतु ती तिजोरीच्या सोयीसाठी घातलेली नाही. तळाच्या माणसाने नाहक माल साठवू नये म्हणून घातलेली आहे. एकाच नावाच्या दोन मर्यादा, आणि त्यांच्यात केवढे अंतर!

ह्या अंतराचे तत्त्व शोधावयास परदेशी जाण्याची गरज नाही. लाभास मर्यादा असावी हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. कौटिल्याने स्वदेशी मालावर शेकडा पाच आणि परदेशी मालावर शेकडा दहा एवढाच नफा व्यापाऱ्यास ठेवला, आणि अधिक घेणाऱ्यास दंड सांगितला. आपल्या धर्मशास्त्राने सावकारास दामदुपटीचा नियम घातला: व्याज कितीही तुंबो, एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता यावयाचे नाही, आणि हा नियम इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही मानला. सावकाराने तो नेहमीच पाळला असे कोणी म्हणणार नाही. तथापि नियमाचा रोख स्पष्ट होता. मर्यादेपलीकडचे जे व्याज सुटले, ते ऋणकोचे सुटले; त्याच्या घरात राहिले.

सहकारी संस्थांचे उदाहरण ह्याहून जवळचे आहे. १८४४ साली इंग्लंडातील रॉचडेल येथील विणकऱ्यांनी जे दुकान काढले, त्यात भांडवलावरचे व्याज मर्यादित ठेवून उरलेला नफा ज्याने जेवढी खरेदी केली त्यास त्या प्रमाणात वाटण्याची रीत घातली. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्यात लाभांशास शेकडा पंधराची मर्यादा असून, नफ्याचा निदान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकण्याची व्यवस्था आहे. आपल्या पतसंस्थांचे व सहकारी बँकांचे दोष आम्हांस ठाऊक आहेत, आणि त्यांच्यात पैसे अडकलेल्या कुटुंबांचे दुःखही. परंतु तेथेही मर्यादेपलीकडचा पैसा कोठे जावयाचा ते लिहून ठेवलेले आहे, तो सर्वांच्या मालकीचा आहे, आणि तो कोठे गेला हे वार्षिक सभेत उठून विचारण्याचा हक्क शंभर रुपयांच्या भागधारकासही आहे.

आणि तिसरी मर्यादा ती, जी माणूस आपली आपणच घालून घेतो. वाशीम जिल्ह्यातील कारंजा येथील जैन ग्रंथभांडारे विद्वानांस परिचित आहेत. मालेगाव तालुक्यातील शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे क्षेत्र तर दूरदूरच्या यात्रेकरूंस ठाऊक आहे. जैन गृहस्थास जी अणुव्रते सांगितलेली आहेत, त्यांत परिग्रहपरिमाण हे एक आहे. सर्वस्वाचा त्याग यतीने करावा. गृहस्थाने निदान एवढे करावे की, इतकी जमीन, इतके धान्य, इतके सोने, ह्यापलीकडे मला नको, असे स्वतः ठरवून त्या संकल्पास जागावे. ह्या व्रताची थोरवी त्याच्या आकड्यात नाही. कोणाचा आकडा मोठा असेल, कोणाचा लहान. थोरवी ह्यात आहे की, मर्यादा घालणारा आणि मर्यादेत राहणारा माणूस एकच आहे, आणि तो ती घालतो तेव्हा त्याच्या दारी कोणी वसुलीस उभे नसते.

ह्या सर्व उदाहरणांवरून मर्यादेची पारख करावयास तीन प्रश्न पुरे होतात, असे आम्हांस वाटते. मर्यादा घातली कोणी? ती राखते कोणाला? आणि मर्यादेपलीकडचे जाते कोठे? व्रताची मर्यादा ज्याची त्याने घातलेली असते, आणि ती त्याच्या शेजाऱ्यालाही राखते. दामदुपटीची मर्यादा राज्याने घातली, तिने दुबळ्यास राखले, आणि पलीकडचे दुबळ्याकडेच राहिले. कॅपिंगची मर्यादा कंपनीने घातली, ती कंपनीस राखते, आणि पलीकडचे कंपनीकडे जाते. तिला मर्यादा म्हणण्यास भाषेची हरकत नाही. परंतु त्या शब्दाचा दुसरा अर्थ, शीलाचा अर्थ, तिला लागू पडत नाही. ती धंद्याची खबरदारी आहे. खबरदारी वाईट नव्हे. पण खबरदारीस पुण्याचा वेष चढविला म्हणजे ती फसवणुकीच्या अगदी शेजारी जाऊन बसते. किंबहुना आम्ही असे म्हणू की, विचारवंताच्या दृष्टीने कॅपिंग हा त्या योजनेचा कबुलीजबाब आहे. ‘आम्ही वचन दिले तेवढे देणे शक्य नाही’ हे वाक्य कागदावर कोठेही लिहिलेले नसते. ते ह्या एका कलमातून मात्र बोलत असते.

आता त्या ओसरीवर परत जाऊ. भावाने विचारले, पैसे भरू का? हिशेब आम्हांस त्याच रात्री, त्याच कागदाच्या पाठीमागे मांडता आला असता. वर दिलेला हिशेब चौथीच्या मुलास समजेल इतका सोपा आहे. परंतु समोर जावई बसला होता, दिवाळसण होता, दाराआड मुलगी उभी होती आणि तिचे डोळे आमच्याकडे लागले होते. जावयाच्या शब्दास त्याच्या सासऱ्यासमोर खोटे पाडणे आम्हांस मर्यादेस सोडून वाटले. आम्ही म्हणालो, “घरचाच माणूस आहे, विचार करून काय ते ठरवा.” एवढे बोलून आम्ही पान खावयास उठलो. भावाने आमच्या शब्दांतून जो अर्थ घ्यावयाचा तोच घेतला, आणि आपल्या व वहिनींच्या नावाने दोन खाती उघडून दहा हजार रुपये भरले.

पुढचे फार थोडे आहे, आणि त्यात नाट्य काही नाही. दहा हजारांनी ते घर बुडाले नाही. कपाटात वर्षभर पावडरीचे डबे राहिले, आणि मुदत सरल्यावर ते उकिरड्यावर गेले. परंतु वहिनींनी आपल्या डाव्या-उजव्या अंगास जोडावयास माणसे शोधली ती आपल्या माहेरी. एक त्यांची धाकटी बहीण, विधवा, शिवणकाम करून दोन मुले वाढविणारी. दुसरी चुलत भावजय. त्या दोघी तळाच्या पायरीवर राहिल्या. बहिणीने पैसे कधीच मागितले नाहीत. तिने मागितले असते तर बरे झाले असते, असे वहिनी एकदा आमच्या पत्नीजवळ बोलल्या. आता त्या भाऊबीजेस माहेरी जातात त्या सकाळी जाऊन संध्याकाळी परततात; मुक्काम करीत नाहीत. जावईबापूंची ती कंपनी केव्हाच गुंडाळली गेली. त्यांचे स्वतःचेही काही हजार त्यात गेले, आणि ज्यांना त्यांनी जोडले ते त्यांना वरचा समजतात, जरी ते स्वतः कोणाच्या तरी खालीच होते. त्यांच्या मनात कपट होते असे आम्हांस तेव्हाही वाटले नाही, आजही वाटत नाही. नोकरी नसलेल्या शिकलेल्या तरुणास सासरी ताठ मानेने बसावयास काही तरी आधार हवा होता. तो त्या कागदाने दिला.

ह्या योजनांतील खरा माल कोणता, ह्याचे उत्तर आम्हांस येथे सापडते. पावडर, साबण किंवा चादर ही निमित्ते होत. विकला जातो तो विश्वास. बहिणीने बहिणीस, शिक्षकाने विद्यार्थ्याच्या बापास, जावयाने सासऱ्यास ‘नाही’ म्हणू नये म्हणून समाजाने जी मर्यादा पिढ्यानपिढ्या जपली, तीच त्यांची पुंजी. परक्या विक्रेत्यास दारातूनच परत पाठविणारा माणूस आपल्या साडूस परत पाठवू शकत नाही, हे ज्याला प्रथम उमगले त्यानेच ही वर्तुळे काढली असावीत. बोनसास मर्यादा आहे. परंतु नात्याचा उपयोग कोठवर करावा ह्यास त्या कागदावर कसलीच मर्यादा नव्हती. आणि आमच्या मते तीच एक तेवढी आवश्यक होती.

आम्हां सुशिक्षितांचा दोष ह्यात लहान नाही. आपण हिशेब जाणतो, आणि भिडेने गप्प बसतो. मग कोणाचे नुकसान झाले म्हणजे लोकांच्या लोभावर व अज्ञानावर व्याख्यान देतो. त्या रात्री लोभ कोणास होता? भावास दोन पैसे हवे होते, ते विहिरीच्या मोटारीसाठी. अज्ञान त्याला होते, पण त्याला ते ठाऊक होते, म्हणूनच त्याने विचारले. ज्ञान आमच्याकडे होते आणि आम्ही ते खिशात ठेवले. अदबीच्या मर्यादेसाठी आम्ही बांधाची मर्यादा मोडू दिली. प्रारंभी आम्ही म्हटले की ‘मर्यादा’ ह्या शब्दात दोन अर्थ नांदतात. ते नेहमी सलोख्याने नांदतात असे मात्र नाही, आणि जेथे त्यांचा तंटा पडतो तेथे कोणाची बाजू घ्यावी, हे ठरविणे हीच शिकलेल्या माणसाची परीक्षा असते. जावयाचा मान रात्रीपुरता राखून आम्ही एका विधवेचे पाच हजार रुपये आणि दोन बहिणींचा मुक्काम खर्ची घातला, हा आमचा हिशेब. आणि तो कोणत्याही कॅपिंगच्या कलमाखाली माफ होणारा नाही.

यंदाही सोयाबीन बाजारात जाईल, दिवाळी येईल, आणि कोणत्या ना कोणत्या ओसरीवर कोरा कागद मागविला जाईल. आता तो बहुधा मोबाइलच्या काचेवर दिसेल. वर्तुळे तीच असतील. वाचकांपैकी कोणी तेथे पाहुणे म्हणून बसलेले असतील आणि घरधनी त्यांच्याकडे वळून विचारील. त्यांस आमची विनंती एवढीच की, त्यांनी पाहुणचाराची भीड न धरता कागद आपल्याकडे ओढून घ्यावा, शेवटच्या ओळीवर बोट ठेवावे, आणि शांतपणे विचारावे: ही जी तळाची वर्तुळे आहेत, ती कोणाची? जावई त्या रात्री रुसेल. रुसवा दिवाळीपुरता असतो.